कोरडी लाकडं

माणूस गेला की गाव त्याला देवमाणूस करून टाकतं. आमच्या भातगिरणीच्या शेटचंही तसंच झालं. त्यांचं घर आणि गिरणी एकाच आवारात, मी त्यांची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. शाळेत शिकवायला म्हणून किन्हवलीत आले, निवृत्त झाल्यावरही इथेच राहिले आणि एवढी वर्षं त्यांच्या गिरणीचा कोंडा खाल्ला. सकाळी वाळत घातलेली साडी दुपारी झटकली की अंगणभर तूस उडायचं. तक्रार घेऊन गेले की शेट म्हणायचे, "बाई, आमच्या भाताचा वास लागला तुमच्या साडीला. फुकटचं अत्तर समजा." अशा शेजाऱ्याला मी देवमाणूस म्हणणार नाही.

धंद्यातही ते काही साधुसंत नव्हते. भात भरडून झालं की कणी कुणाची आणि कोंडा कुणाचा यावरून गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत बसायचे. गिरणीच्या दाराशी एक सागवानी बाकडं होतं, त्यावर बसून हे सगळं चालायचं. त्याच बाकड्यावर गावाची कामंही यायची. शाळेचे पत्रे उडाले, चला शेटकडे. कुणाला शहापूरला दवाखान्यात न्यायचंय, शेटचा टेम्पो आहेच. पोतं उतरवून पेशंट चढवायचे आणि ज्याचं पोतं उतरवलं त्यालाच वर दमात घ्यायचे, "तुजा भात काय मरत नाय, थांब जरा."

यातलं बरंचसं इतर गावांतले शेटही करत असतील. लाकडांचं मात्र मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

आमच्याकडे आषाढ-श्रावणात मरण आलं तर घरच्यांची फार आबाळ होते. डोंगरातल्या पाड्यांवर तर विचारू नका. लाकडं ओलीचिंब, स्मशानाला धड छप्पर नाही. अशाच एका पावसात शेट कुठल्याशा पाड्यावर मयताला गेले होते. सरण पेटेना. रॉकेल झालं, जुने टायर झाले, तरी देह अर्धाच जळला आणि घरची माणसं भिजत तशीच उभी राहिली. शेट घरी आले ते जेवले नाहीत. हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी आंब्याचे आणि शिरीषाचे जाडजूड ओंडके विकत घेऊन गिरणीच्या मागच्या कोपऱ्यात रचले. यंत्राची ऊब आणि वर पक्कं छप्पर, त्यामुळे भर पावसातही ते खणखणीत कोरडे राहायचे. कुणीही यावं आणि घेऊन जावं. जात विचारायची नाही, पैसा घ्यायचा नाही. एवढंच, की लाकडं टेम्पोत चढत असताना शेट बाकड्यावरून ओरडायचे, "मागच्यासाठी ठेवा, रे!" म्हणजे पुढचं मयत ज्याच्या घरात होईल, त्याच्यासाठी थोडी शिल्लक ठेवा. तो कोपरा कधी रिकामा झालेला मी पाहिला नव्हता.

पुण्य मिळालं असेल, पण गिऱ्हाइकं गेली. लग्नाचे तांदूळ आणि सरणाची लाकडं एका छपराखाली, हे लोकांना कसं रुचावं? मुरबाडच्या रस्त्याला नवी गिरणी झाली, तिकडे भाताच्या गाड्या वळायला लागल्या. शेटच्या मुलाला त्या कोपऱ्यात तांदूळ पॉलिश करायचं नवं मशीन बसवायचं होतं. दुसरी जागाच नव्हती. बापलेकांची भांडणं मला भिंतीतून ऐकू यायची आणि खरं सांगायचं तर मला मुलाचं पटायचं.

"मेलेल्यांच्या लाकडापायी जित्यांचा धंदा बसवताय तुमी."

"मी हाय तवर लाकडं हलणार नाय. मग तुजं तू बघ."

गेल्या आषाढात एका सकाळी शेट गिरणीतच छातीला हात लावून खाली बसले. त्यांच्याच टेम्पोतून त्यांना शहापूरला नेलं, पण दवाखाना काही गाठता आला नाही. दुपारपर्यंत आमची गल्ली माणसांनी भरून गेली. तानसाकडून, उंबरमाळीकडून, कुठकुठच्या पाड्यांवरून लोक भिजत आले होते. ज्यांनी त्या कोपऱ्यातली लाकडं कधी ना कधी नेली होती, ते तर सगळे आले. मी ओटीवरून बघत होते. मला रडू आलं नाही. गिरणी बंद असल्यामुळे गल्ली फार शांत वाटतेय, एवढंच जाणवत होतं.

मग लाकडं निघायला लागली. प्रत्येकाला आपल्या हाताचा एक ओंडका शेटच्या सरणावर पडायला हवा होता. जो तो आत जाई आणि एक ओंडका खांद्यावर घेऊन बाहेर येई. एक टेम्पो भरला, दुसरा मागवला. कुणीतरी जाणत्याने मुलाला म्हटलं, "बस झाला, रे. एवढी लागत नाय." मुलाचे डोळे लाल झाले होते. तो म्हणाला, "सगल्या गावाला पुरवली त्यानी. माज्या बापाला मोजून जालू काय?" बाकड्यावरून ओरडणारा माणूस आता ओरडणार नव्हता. संध्याकाळी मी शेटच्या बायकोजवळ बसायला गेले, तेव्हा मागचा कोपरा झाडून घेतल्यासारखा मोकळा होता.

तीन दिवसांनी सकाळी प्लास्टिकचा कागद पांघरून एक माणूस गिरणीच्या दाराशी येऊन उभा राहिला. शेटच्या मयताला आलेला, डोंगरातल्या पाड्यावरचा. मुलगा सुतकात, दाढी वाढलेला, ओटीवर बसून होता.

"आय गेली," तो माणूस म्हणाला. "राती गेली. लाकडां पायजेत."

मुलगा उठला. त्याला आत घेऊन गेला आणि कोपरा दाखवला. मी माझ्या दारातून दोघांच्या पाठी बघत होते. त्या माणसाने कोपऱ्यात एकदा पाहिलं. तक्रार त्याने केली नाही. खाली मान घालून एवढंच म्हणाला, "मी पन एक ओंडका टाकला होता शेटवर." आणि जायला वळला.

"थांब," मुलगा म्हणाला.

त्याने कुऱ्हाड आणली. गिरणीत रिकामी पोती ठेवायचा एक जुना माळा होता, शेटच्या बापाच्या वेळचा, जाड फळ्यांचा आणि वाशांचा. मुलाने तो पाडायला घेतला. सुतकात गिरणीतून असले आवाज ऐकून शेजारीपाजारी धावले. आधी त्यांना वाटलं, पोराचं डोकं फिरलं. मग न सांगता एकेक जण आत शिरला. माळा उतरला, त्याचे खांब उतरले. तरी पुरेसं होईना. एवढ्यात शेटची बायको बाहेर आली. तिसऱ्या दिवसापर्यंत ती खोलीतून हलली नव्हती. दाराशी येऊन ती मुलाला म्हणाली, "बाकडा पन घे."

"आये, त्यावर बाबा..."

"ते ऱ्हायले का आता बसायला? घे."

बाकड्यावर पहिला घाव पडला तेव्हा मला रडू आलं. शेट गेले त्या दिवशी आलं नव्हतं, ते सगळं तेव्हा आलं. मी पदर तोंडात धरून माझ्याच दारात रडले आणि कुणी पाहिलं असेल तर पाहू दे.

टेम्पो भरला. तो माणूस मागे चढून बसला, पण गाडी सुटायच्या आत पुन्हा खाली उतरला. लाकडांतून त्याने बाकड्याची एक फळी ओढून काढली, खांद्यावर टाकली आणि आत जाऊन त्या मोकळ्या कोपऱ्यात उभी करून ठेवली. मुलगा म्हणाला, "अरे, तुलाच कमी पडंल." तो म्हणाला, "मागच्यासाठी." आणि टेम्पोत जाऊन बसला.

एका फळीत काय जळणार? पण मशीन काही त्या कोपऱ्यात आलं नाही. मुलगा अजून कधीमधी चिडतो, आलेलं गिऱ्हाईक मुरबाडला गेलं की घरात भांडी आपटतात, आणि माझ्या साड्यांवर कोंडा उडतो तो उडतोच. उन्हाळ्यात मात्र दोनदा टेम्पो येऊन ओंडके उतरवून गेला. तक्रार घेऊन गेले होते, ती तशीच ठेवून परवा मी हळूच मागे डोकावले. कोपरा कमरेपर्यंत भरला होता. मी एका ओंडक्यावर हात ठेवून पाहिला, चांगला कोरडा होता. माझंही आता वय झालंय.