बारावी चिठ्ठी

आमच्या दापोडीच्या मंडळीत बायबलचं सॉफ्टवेअर माझ्याइतकं कुणालाच येत नाही. म्हणजे लॅपटॉप टेबलावर आणून ठेवायचं काम माझ्याकडं आहे. चालू सुमनताई करतात.

पण किस्से म्हणाल तर ते माझ्याचकडं! लेथखाली लोखंडाचा चुरा साचतो ना, संध्याकाळी झाडला तरी सकाळी पुन्हा तेवढाच, तसे आमचे रविवार. आणि निम्म्या चुऱ्याला कारण मीच.

* * *

आधी शांतवनभाऊ. चाकणच्या एका कंपनीत ते स्टोअरकीपर, मी टर्नर. मागणी चिठ्ठी भरून सही केल्याशिवाय या माणसानं मला कधी साधा ड्रिल दिला नाही! रिटायर झाले आणि सॉफ्टवेअरचंच स्टोअर करून टाकलं. विश्वासावर कुणी शंका घेतली तर उत्तर तयार पाहिजे, म्हणून लेख, भाष्यं, भाषणं, सगळ्याला बिन नंबर, म्हणजे कप्प्याचा नंबर. बिन चार, पुनरुत्थान. बिन सात, चमत्कार. बिन नऊ, दुःख.

सगळ्यांच्या मोबाइलवर एकच लॉगिन; ज्याला शंका असेल त्यानं त्यातच नोट लिहायची. भाऊंच्या भाषेत मागणी चिठ्ठी. शनिवारपर्यंत माल इश्यू! फक्त इथं त्यांनी सहीची अट काढून टाकली. "नाव लिहायचं म्हटलं की माणूस खरा प्रश्न विचारत नाही," म्हणाले.

माझ्यासारख्याला एवढं पुरतं, राव!

* * *

पहिला हात बिन सातवर मारला. तरुण संघ समोर बसलेला, भाऊ जोरात, "चमत्कार होतात का? बघू या पुरावा!" आणि पडद्यावर आलं: अर्धा किलो रवा, सहा अंडी, लोणी...

सुमनताईंची नाताळच्या केकची रेसिपी. कुणी सरकवली ते विचारू नका.

ताई जागेवरूनच म्हणाल्या, "मग? गेल्या नाताळात बेकरीची भट्टी बिघडली होती, तरी माझा केक फुगला. ह्याहून मोठा पुरावा कुठला पाहिजे?"

* * *

मग चिठ्ठ्या सुरू केल्या. पहिली, जलप्रलयातल्या तारवात मासे घेतले होते का? चार दिवसांत पाच लेख आणि वर एक नकाशा! मला चेवच चढला. माझं शिक्षण सातवी, तीही दोनदा. पण मोबाइलवर मी बोलायचो आणि तो लिहायचा. शुद्धलेखन एकदम इंजिनियरचं. इकडून तिकडून अवघड शंका गोळा करायच्या आणि पाठवायच्या. भाऊ एकेकीला चार-चार बिनमधला माल काढून उत्तर द्यायचे. मी मागच्या बाकावर बसून हसायचो.

* * *

एका रविवारी चहा गाळता गाळता ताई हळूच म्हणाल्या, "याकोबभाऊ, देवानं ऐकलं बघा. अमोल बोलायला लागलाय."

अमोल म्हणजे भाऊंचा एकुलता एक. सॉफ्टवेअर त्यानंच टाकून दिलेलं, त्याच्याही मोबाइलवर तेच लॉगिन. चार वर्षांपूर्वी त्याची आई गेली. मातीवरून परत आल्यावर त्यानं विचारलं, "पप्पा, तुम्ही एवढी प्रार्थना केलीत, तिचं काय झालं?" भाऊंनी त्याला वचन वाचून दाखवलं. पोरगा उठला, रावेतला राहायला गेला. तेव्हापासून ना चर्च, ना घर.

"कुठं बोलला तो?" मी विचारलं.

"अहो, त्या चिठ्ठ्या त्याच्याच ना! माशांचा प्रश्न तो लहानपणी विचारायचा म्हणे. भाऊ दर शुक्रवारी उपास करतात आणि मगच उत्तर लिहायला बसतात."

माझा चहा कपातच राहिला.

* * *

चिठ्ठ्या थांबवल्या. मग सांगायला गेलो. खरंच गेलो! भाऊंच्या दारात उभा राहिलो, तर तेच म्हणाले, "याकोबा, दोन आठवडे झाले, चिठ्ठी नाही आली. बरा असेल ना रे पोरगा?"

चेहरा असा केला होता, की मी तसाच जिना उतरलो. खाली उभा राहून अकरावी चिठ्ठी पाठवली. शेवटची म्हणून. वरून आवाज आला, "आली! आली रे!"

उभ्या जन्मात एवढी फक्कड चेष्टा जमली नव्हती, आणि मी हसायचंच विसरलो.

त्याच आठवड्यात भाऊंनी अमोलला फोन केला. एकदा रविवारी ये, तुझ्याशी बोलायचंय. आणि तो हो म्हणाला!

* * *

उपासना संपली. अमोल शेवटच्या बाकावर, हेल्मेट मांडीवर. भाऊंनी लॅपटॉप त्याच्यापुढं सरकवला.

"हे बघ. तू विचारलेलं एकूण एक."

अमोलनं वरून खालपर्यंत पाहिलं. "पप्पा, ह्यातलं एकही मी विचारलेलं नाही. मला वाटलं, तुम्हाला माझ्याशी बोलायचंय. इथं तर पुन्हा उत्तरंच." आणि हेल्मेट घेऊन उठला.

मला उभं राहावंच लागलं. "थांब रे अमोल. चिठ्ठ्या माझ्या हायत. मासे-बिसे सगळं माझं. भाऊ, चेष्टा केली. अकराच्या अकरा मीच लिहिल्या."

ताईंनी माझ्याकडं असं पाहिलं, की यंदा केक मिळत नाही हे तिथंच कळलं.

अमोल स्क्रीनकडं वळला. "अकरा? इथं तर बारा आहेत." त्यानं शेवटची मोठ्यानं वाचली. "'ती बरी व्हावी म्हणून मी रोज मागत होतो. तू ऐकत होतास ना?' हे कुणी लिहिलं?"

"ते माझं न्हाई," मी म्हणालो.

"ते माझं आहे," शांतवनभाऊ म्हणाले.

अमोलनं हेल्मेट बाकाखाली ठेवलं आणि बापाशेजारी बसला.

इथं तरी मी गप्प बसावं की नाही? पण मला शांतता सोसत नाही. म्हटलं, "भाऊ, आमच्या अकरांना ढीगभर माल इश्यू केलात. ह्या बाराव्या चिठ्ठीपुढं बिन रिकामं कसं?"

भाऊंनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला.

"तो माल माझ्या स्टोअरमध्ये असता, तर मातीच्या दिवशीच ह्याला दिला नसता का, याकोबा?"