पाचशे घरांतला आवाज

कॅसेटअण्णांना खांद्यावरच्या पिशवीशिवाय मी एकदाच पाहिलं, आणि नेमकी त्याच दिवशी तिच्यातल्या मालाची गरज होती. एरवी ती खाकी पिशवी त्यांच्या अंगाचाच भाग होती. लग्नाला, बारशाला, दवाखान्यात कुणाला बघायला जातानाही ती बरोबर असायची. आत एकाच कॅसेटच्या प्रती: ‘नादसुमन, भाग पहिला’. वेष्टनावर अण्णा तानपुरा घेऊन डोळे मिटून बसलेले. तानपुरा मागून आणलेला, डोळे तेवढे स्वतःचे, असं माझी बायको म्हणायची. भाग दुसरा कधीच निघाला नाही. “पण ‘पहिला’ लिहिलं की माणूस दुसऱ्याची वाट बघतो की,” असं त्यांचं गणित.

अण्णा निपाणीकडचे. बेंगळुरूत एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये नोकरीला, आणि राहायला जे. पी. नगरात, आमच्या मागच्या रस्त्यावर. मी हिशेबखात्यातला माणूस, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सोलापूरहून बदली होऊन आलो. सामान लागायच्या आत अण्णा दारात उभे. “अकौंटंट म्हणे तुम्ही? मग लिहून घ्या, या गावात पाचशे घरांत माझा आवाज आहे.” मी म्हटलं, “अण्णा, पाचशे घरांत तुमची कॅसेट असेल. आवाज आहे हे कशावरून?” ते हसले. “तेच ते की हो!” ते एकच नाही, हे मी पुढं त्यांना कितीतरी वेळा सांगितलं. अण्णांना आकडे आवडायचे, फक्त तपासलेले आवडायचे नाहीत.

कुठल्याही कंपनीनं अण्णांना विचारलं नव्हतं. स्वतःच चाली बांधून, स्वतःच्या खर्चानं कॅसेट काढून ते मोकळे झाले आणि मग श्रोते गोळा करायच्या उद्योगाला लागले. तत्त्व असं, की “माणूस गाण्याकडं येत नाही. गाणंच माणसाच्या घरात घुसवायचं.” त्यासाठी ते रिक्षात बसले की आधी भाडं न विचारता टेप आहे का ते विचारत, आणि उतरताना कॅसेट तिथंच ‘विसरत’. दोन रिक्षावाल्यांनी ती घरी आणून दिली, म्हणून अण्णा या शहराच्या प्रामाणिकपणावर फार नाराज होते.

कॅसेटच्या दुकानाची तऱ्हा वेगळी. अण्णा फोन करून कधी जाड, कधी बायकी आवाजात विचारत, “नादसुमन आलीय का हो?” मागणी आहे म्हटल्यावर दुकानदार प्रती मागवणार, असा डाव. एका संध्याकाळी मी त्या दुकानात असताना फोन आला. दुकानदारानं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, “इल्ला अण्णा, अजून कोणीच नाही विचारलं. फक्त तुम्हीच.”

त्यांच्या हस्तपत्रकावर ‘रसिकांच्या आग्रहास्तव’ असं ठळक छापलेलं असे. मी एकदा विचारलं, “कोणाच्या आग्रहास्तव?”

“लिहायची पद्धत असते की, साहेब.”

“पण एखादं नाव?”

“तुम्ही आग्रह केलात तर तुमचं घालतो.”

खरी कमाल त्यांनी संक्रांतीला केली. अक्का, म्हणजे त्यांची बायको, हळदीकुंकवाला सगळ्या मराठी बायकांना बोलवायच्या. त्या वर्षी वाण म्हणून स्टीलची वाटी नाही की प्लॅस्टिकचा डबा नाही, प्रत्येकीच्या ओटीत ‘नादसुमन’. वाण नाकारता येत नाही. दुसऱ्याला देऊन टाकावं तर ती बाईही तिथूनच तेच घेऊन आलेली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. अक्का वाण देताना वर बघत नसत. एकदा माझ्या बायकोला हळूच म्हणाल्या, “घे गं बाई. घरात पाय ठेवायला जागा नाही माझ्या.”

आता कॅसेट होती चांगल्या प्रतीची. बेंगळुरूतल्या मराठी बायकांनी तिचं जे करायचं तेच केलं. पुन्हा भरता यावी म्हणून पाठीच्या दोन खाचांवर चिकटपट्टी लावली आणि कॅसेटच्या दोन्ही बाजूंवर हवं ते भरून घेतलं. आमची रेवा तेव्हा तिसरीत. शाळेत तिला पाढे इंग्रजीतून, रस्त्यावर मोजणी कन्नडमधून. ‘बे दुणे चार’ तिच्या कानावर पडावं म्हणून मी दुसऱ्या बाजूवर दोन ते तीस पाढे माझ्या आवाजात भरले. रोज शाळेतून आल्यावर टेप लागायचा. पाढा मध्येच तोडायचा नाही, ही आमच्या घरची शिस्त. एकोणतिसाचा तिचा कच्चा, म्हणून फीत बहुतेक तिथंच येऊन थांबलेली असे.

या सगळ्यात अण्णांना खरोखर हवी असलेली गोष्ट एकच होती: रामनवमीच्या मांडवात गायला मिळणं. आमच्या भागात रामनवमीला मांडव पडतो, रोज संध्याकाळी गाणं होतं आणि कन्नड, तमिळ, मराठी असे सगळे जाणकार मांडी घालून बसतात. तिथं आग्रहास्तव वगैरे चालत नाही. तिथले सेक्रेटरी म्हणजे एक पांढरं धोतर नेसणारे, कमी बोलणारे कन्नड गृहस्थ. अण्णा वर्षानुवर्षं त्यांच्या मागं. निवृत्ती जवळ आली तसे कासावीस झाले. “निपाणीला गेल्यावर कोण विचारतंय? यंदा नाही तर नाहीच.” शेवटी सेक्रेटरी म्हणाले, आधी कॅसेट ऐकवा. आणि घात असा, की वाटून वाटून साठा संपलेला, पिशवीत नुसती हस्तपत्रकं, आणि अण्णांच्या घरातली शेवटची प्रत त्यांच्याच टेपरेकॉर्डरनं खाल्ली होती. तरी अण्णा डगमगले नाहीत. म्हणाले, “कुठलंही मराठी घर सांगा. माझा आवाज आहे.”

त्या रविवारी ते सेक्रेटरींना घेऊन आधी आमच्या शेजारणीकडं गेले. तिथं कॅसेट लावली तर बाळाचं रडणं आणि “बाबा म्हण, बा-बा.” मग आमच्याकडं आले. अण्णांच्या कपाळावर घाम. “अकौंटंट, तुमच्याकडची तरी धड असेल की हो?”

मी लपवाछपवी करत नाही. म्हटलं, “अण्णा, त्यावर पाढे आहेत.”

“थट्टा नको. लावा.”

बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि लावली. माझाच आवाज घुमला: “एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्ट.” सेक्रेटरी सरळ बसून ऐकत राहिले, बहुधा काहीतरी मराठी स्तोत्र आहे असं समजून. अण्णा खाली बघत होते. त्यांचा चेहरा पाहवेना. मी बटणाकडं हात नेला तर रेवा ओरडली, “बाबा, पाढा तोडायचा नाही!” नियम माझाच. हात मागं घेतला. तिसाचा पाढा सुरू झाला आणि संपला. “तीस दाहे तीनशे.” मग खट्ट असा आवाज, आणि त्या बाजूच्या शेवटी जे काही उरलं होतं ते सुरू झालं.

ती अण्णांची भैरवी होती. मधूनच सुरू झालेली, आधी प्रस्तावना नाही, ‘रसिकहो’ नाही. मी बंद करायला पुन्हा उठलो तर सेक्रेटरींनी हात वर केला. “स्वल्प इरी.” थांबा जरा. फीत संपेपर्यंत तो हात वरच राहिला. मग त्यांनी विचारलं, “यारु इदु?” हे कोण?

स्वतःबद्दल तास तास बोलू शकणारे अण्णा फक्त एवढंच म्हणाले, “नाने.” मीच.

सेक्रेटरी उठले, चपला घातल्या आणि दारातून म्हणाले, या रामनवमीला गा. मग पिशवीकडं बोट दाखवून, “ब्याग तरबेडि.” ती मात्र आणायची नाही.

रामनवमीला अण्णा रिकाम्या खांद्यानं आले. एक बाजू हलकी झाल्यासारखे जरा वाकडे चालत होते. प्रत्येक गाण्याआधी भाषण करायची त्यांची सवय, पण त्या दिवशी बसले आणि गायलाच लागले. गुळाचं पानक प्यायला आणि भिजवलेल्या डाळीची कोसंबरी खायला आलेली माणसं द्रोण हातात धरून तशीच उभी राहिली. मी तिकडं नीट बघत होतो, कारण माझा या बाबतीत कोणावर विश्वास नाही. कोणी निघून गेलं नाही.

गाणं संपल्यावर एक म्हातारं कन्नड जोडपं अक्कांकडं आलं. यांची कॅसेट कुठं मिळेल? अक्कांनी आमच्या मराठी रांगेकडं पाहिलं. आम्ही सगळे चपला शोधायला लागलो. कुणाच्या कॅसेटवर बाळाचं रडणं होतं, कुणाच्या सासूबाईंची आरती, आमच्यावर पाढे. दुसऱ्या दिवशी अण्णा जिथं ध्वनिमुद्रण केलं होतं तिथं धावले, तर तिथल्या माणसानं मूळ फीत पुसून तिच्यावर कुठल्याशा साबणाची जाहिरात भरली होती. जन्मभर ज्यांना नको होतं त्यांना वाटत सुटले, आणि मागणारा आला तेव्हा अख्ख्या बेंगळुरूत एक प्रत नाही.

निवृत्त होऊन निपाणीला जाण्याआधी दोघं निरोप घ्यायला आली. मी ती कॅसेट पुढं केली. “भैरवीचा तुकडा तरी आहे. घेऊन जा.”

अण्णांनी ती उलटसुलट करून पाहिली, चिकटपट्टीवर अंगठा फिरवला आणि रेवाच्या हातात ठेवली. “नको. तिसापर्यंत पोचायला दम लागतो, अकौंटंट. तेवढा दम असलेला श्रोता मला दुसरा मिळायचा नाही.” अक्का पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या. “सरी, बरं, चला आता,” म्हणाल्या आणि त्यांचा हात धरून जिना उतरल्या.

पुढं निपाणीहून अण्णा गेल्याची बातमी आली, आणि आमचा टेपही कधीचा बिघडून पडला आहे. रेवा आता दहावीत. गणितं सोडवताना ती अजून पुटपुटत पाढे म्हणते. तिसाचा आला की “तीस दाहे तीनशे” म्हणून थांबत नाही. त्याला जोडूनच तिच्या तोंडून ती भैरवी निघते, मधूनच सुरू झालेली, आणि जिथं फीत संपायची नेमकी तिथं थांबते. तिच्या ते लक्षातही येत नाही. पाचशे घरांचा आकडा मला अजून मान्य नाही. एका घराचा आहे.