खिडकीचा पुठ्ठा

"हिला सवय आहे, शेठ. वस्तीतली आहे."

सर हे माझ्याबद्दल बोलले. माझ्यासमोर, माझ्याकडे न बघता. मी खोकत होते. दहावीचा वर्ग, हरित शाळेचा कार्यक्रम, आणि मी खिडकीला पाठ लावून उभी. हातात माझ्याच अक्षरातला फलक: स्वच्छ हवा, निरोगी विद्यार्थी. मला तिथे उभं केलं होतं, कारण माझ्यामागच्या खिडकीला काच नव्हती आणि ते पाहुण्यांना दिसायला नको होतं.

खिडकीपलीकडे सायझिंग, म्हणजे सुताला खळ लावायचा कारखाना. त्याच्या बॉयलरात चिंध्या जातात, प्लास्टिक जातं. मधल्या सुट्टीनंतर चिमणी पेटली की काळा धूर सरळ आमच्या वर्गात. म्हणून भोकाला पुठ्ठा धरायचा. कोणी? खिडकीजवळच्या बाकावर बसेल त्याने. आणि तिथे बसायचं बुद्धवाडीतल्या पोरांनी. गोदामवाल्यांची पोरं दाराकडे, पंख्याखाली. असा काही नियम नव्हता. सर नुसतं बोट दाखवायचे. जूनपासून मी डाव्या हाताने पुठ्ठा धरला आणि उजव्याने लिहिलं. घरी गेले की थुंकी काळी यायची. खोटं कशाला बोलू, आधी मला त्याचा अभिमानच होता. वर्गाचं काहीतरी काम आपल्याकडे आहे, असं वाटायचं.

पाहुणे शेठ त्याच सायझिंगचे मालक. मानकोलीला त्यांची गोदामं. माझे बाबा तिथेच हमाली करतात. शेठनी कुंडीतली रोपं वाटली, फोटो झाले. मग म्हणाले, "आता डोले मिटा आनि लांब श्वास घ्या. आरोग्य हाय तर सगला हाय."

सगळ्यांनी घेतला. मीही घेतला आणि खोकत सुटले. तेव्हाच सर ते सवयीचं बोलले.

शेठ हसले. "वाडीत टायर-बियर जालतान ना हे लोक."

माझं डोकं फिरलं. ज्याचा धूर माझ्या छातीत, तोच माझ्या वाडीकडे बोट दाखवत होता. मी फलक खाली ठेवला आणि बाजूला झाले. धूर आत आला. शेठच्या पांढऱ्या शर्टापर्यंत आला.

"शेठ, हा तुमच्या चिमणीचा आहे. घ्या लांब श्वास."

शेठनी रुमाल नाकाला लावला आणि हळूच सरांना विचारलं, "कोनाची हाय ही?"

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. सरांनी बाबांचं नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाबा सकाळीच परत आले. गोदामाच्या गेटवरूनच हाकललं होतं. चपला न काढता ओट्यावर बसले.

"बाय, माफी माग सरांची. धाकटी पन जूनमध्ये त्याच वर्गात जायची हाय."

धाकटीचं नाव काढलं की मी वाकेन, असं त्यांना वाटलं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र पुठ्ठा धरलेला तिचा डावा हात आला.

मी शाळेत गेले. मधली सुट्टी संपली, चिमणी पेटली.

"माफीचं नंतर बघू," सर म्हणाले. "आधी पुठ्ठा धर."

मी दोन्ही हात बाकावर ठेवले. "नाही धरणार."

धूर आधी माझ्यावर आला, मग मधल्या रांगेवर, मग दाराकडच्या बाकांवर. ती पोरं खोकायला लागली. मला आनंद झाला नाही. कोणाच्याच छातीत तो जायला नको होता. पण आता त्याला सवय म्हणायची सोय कोणाला राहिली नाही. सर स्वतः खोकत मला बाहेर हो म्हणत होते, आणि मी जागची हलले नाही.

बाबांना अजून कामावर घेतलेलं नाही. चिमणी अजून रोज पेटते. शेठचा माणूस दोनदा आमच्या दारावरून गेला, घर बघून गेला. मला भीती वाटते. तरी माफी मागणार नाही. तो पुठ्ठा मी परत धरणार नाही, आणि जूनमध्ये माझ्या बहिणीच्या हातात तो कोण देतो, ते बघायला मी त्या वर्गाच्या दारात उभी असेन.