दोन्हीकडे पॅसिव्ह

दोन्ही टोकांना मी ‘पॅसिव्ह’ टाकलं होतं. नेटवर्कच्या कामातल्या कुणालाही हे सांगितलं की तो आधी हसतो, मग विचारतो, “आजी, खरंच तुम्ही?” खरंच मी. तेव्हा आजी नव्हते, पन्नाशीला टेकलेली घोडी होते, आणि नेटवर्किंगचं नवं सर्टिफिकेट फ्रेम करून देवघराशेजारी लावलं होतं.

हिंदमाताच्या कापडबाजारातलं साड्यांचं दुकान. दुकान तळमजल्यावर, गोदाम तिसऱ्यावर. दोन्हीकडे एकेक स्विच, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या केबल्स जिथे येऊन मिळतात तो डबा. दोन डब्यांमध्ये मात्र एकच केबल. लग्नसराईत तिच्यावर इतका भार यायचा की बिलं लटकायची.

“मॅडम, उद्यापासून लग्नाची गिऱ्हाइकं,” मालक नानाशेठ म्हणाले. “बिल अडकलं की साडी गादीवर टाकून माणूस समोरच्या दुकानात जातो. तो परत येत नाही.”

म्हणून त्याच दिवशी, दुकानाच्या सुट्टीत, काम काढलं. दुसरी केबल नुसती जोडून भागत नाही. निरोप दोन वाटांमध्ये गोल गोल फुगडी घालत बसतात. दोन केबल्स बांधून एकच रुंद वाट करायची, याला लिंक ॲग्रिगेशन म्हणतात. ते दोन्ही स्विचनी आपसात बोलून जमवायचं असतं. ॲक्टिव्ह टोक स्वतःहून बोलतं. पॅसिव्ह टोक समोरच्यानं विचारलं तरच उत्तर देतं. मला पॅसिव्ह शब्द सोज्वळ वाटला. वरही तोच टाकला, खालीही तोच.

झालं. केबल्सचे दिवे लागलेले, पण गोदामातला स्टॉक खाली दिसेना. केबल बदलली. पोर्ट बदलले. जिने चढून गुडघे बोलायला लागले, स्विच काही बोलेनात.

“मॅडम, जुनं होतं ते तरी परत चालू करून द्या.”

“देते हो. जरा थांबा.”

“जरा म्हणजे आज की उद्या?” असं म्हणून नानाशेठ जेवायला गेले.

मी लॅपटॉप घेऊन पांढऱ्या गादीवर बसले. शटर अर्धं खाली. त्याच्याखालून आलेलं ऊन सावकाश एकेका कप्प्यावर चढत होतं; आधी मोरपिशी उजळला, मग आंबा, मग डाळिंबी. नव्या कापडाचा खळीचा वास. डोळे जड झाले, आणि मन घरी गेलं.

रविवारी मुलाकडचे माझ्या लेकीला, तन्वीला, बघून गेले होते. पोरगी काही बोलत नव्हती, पण केस पुसताना गुणगुणत होती. त्यानंतर त्यांचा फोन नाही. सकाळी नवरा म्हणाला, “तूच कर की.” मी म्हटलं, “आपण मुलीकडचे. आधी त्यांनी करायचा. रीत आहे.” तन्वीचं गुणगुणणं एव्हाना बंद झालं होतं.

डुलकी लागली असावी. कप्प्यांतल्या साड्या खाली उतरून समोरासमोर दोन रांगांत बसल्या. इकडे हिरव्या, तिकडे जांभळ्या. मध्ये चहा. सगळ्या हसतायत, पदर सावरतायत, बोलत कुणीच नाही. चहावर साय धरली. एक जुनी जांभळी हळूच म्हणाली, “विचारा ना.” हिरवी म्हणाली, “आधी तुम्ही.”

जाग आली तेव्हा स्क्रीन समोरच होता. हे टोक पॅसिव्ह, ते टोक पॅसिव्ह. सकाळपासून ते शब्द मी वाचत होते, आणि त्यांच्या शिस्तीचं मला कौतुक वाटत होतं.

खालच्या टोकाला ॲक्टिव्ह केलं. वर जावंसुद्धा लागलं नाही. दोन केबल्स एक झाल्या, गोदामातला स्टॉक खाली दिसू लागला. नानाशेठ आल्यावर त्यांच्यासमोर मुद्दाम एक केबल उपटली. तरी बिल निघालं.

“मग सकाळपासून बिघडलं काय होतं?”

“काही नाही. दोघंही लाजत होते.”

“आमच्या दुकानात?” नानाशेठ म्हणाले. “इथे लाजणारा टिकत नाही, मॅडम.”

तेव्हापासून मी दोन्ही टोकं ॲक्टिव्ह ठेवते. दोघं एकदम बोलले तरी काही बिघडत नाही.

शटरखालून वाकून बाहेर आले, फुटपाथवर उभी राहिले आणि मुलाच्या आईला फोन लावला. अर्धी रिंगही झाली नसेल, तिनं उचलला. मी नाव सांगितलं. मग माझी होणारी विहीण अगदी हलक्या आवाजात म्हणाली,

“नकारच असेल ना, तर जरा हळू बोला हं. मुलगा शेजारीच बसलाय.”