बायकांच्या वाट्याची ओळ

माझे सासरे तराजू दुरुस्त करायचे. दुकानदारांचे काटे तपासायचे, खोट निघाली तर नीट करायचे. सगळं गाव त्यांना काटेवाले म्हणायचं, घरात आम्ही बाबा म्हणायचो. आयुष्यभर दुसऱ्यांची लबाडी शोधून पोट भरलेल्या माणसाला सगळीकडे लबाडीच दिसू लागली तर नवल नाही, पण बाबांनी त्यात हद्द केली होती. पाव आणला की तो हातावर तोलून "भट्टीवाला हात मारतोय" म्हणायचे. डॉक्टरांनी एकदा त्यांना वजन करायला सांगितलं, तर "वजन मागाहून बघू, आधी तुमचा काटा बघू" म्हणत दवाखान्यातलं यंत्रच उलटं करून बसले. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, "तू एवढी हसतेस कशाला?" मला फार राग आला होता. पुढे कळलं की हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात.

त्यांचा संशय थोडाफार दाराबाहेर थांबायचा तो फक्त रविवारच्या उपासनेत. आमच्या चर्चमध्ये पुरुष उजवीकडे आणि बायका डावीकडे बसतात. दर रविवारी एक स्तोत्र म्हणतात, तेही दोन बाजूंनी. पहिली ओळ पुरुषांची, दुसरी बायकांची, तिसरी पुन्हा पुरुषांची, असं शेवटपर्यंत. बाबांचा आवाज खणखणीत होता, म्हणून पुरुषांची सुरुवात तेच करून द्यायचे. त्यांनी पहिला शब्द उचलला की बाकीचे मागून यायचे. या मानाचं त्यांना भारी कौतुक. शनिवारी दुपारी दुकान बंद करून ते स्तोत्र मोठ्याने वाचून ठेवायचे आणि आम्ही घरात गुपचूप आपापली कामं करायचो.

हेच चर्च झाडायला-पुसायला एक मावशी होत्या. त्यांना मागेपुढे कुणी नव्हतं. चर्चच्या मागच्या खोलीत राहायच्या, आणि अधूनमधून बाबांचं दुकानही झाडून द्यायच्या. वाचता येत नव्हतं. उपासनेत त्या माझ्या सासूबाईंच्या शेजारी बसायच्या आणि प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द तेवढा सगळ्यांबरोबर पकडायच्या. ओळ पुढे आणि मावशी मागे, अशी ती उपासना चालायची. त्यावर आम्ही दोघी-तिघी हसायचो आणि मावशीही हसायच्या.

एके दिवशी दुकानातलं एक वजन नाहीसं झालं. बाबांच्या कामाचा जीव त्या वजनांच्या पेटीत होता. लाकडी पेटी, आत मऊ कापड, आणि मोठ्यापासून छोट्यापर्यंत प्रत्येक पितळी वजनाला आपापला खळगा. त्यांच्याशी ताडूनच बाबा लोकांचे काटे तपासायचे. त्यातला सगळ्यात छोट्या वजनाचा खळगा रिकामा दिसला. आम्ही दुकान उपसलं, फळ्या सरकवल्या, केराची टोपली ओतून पाहिली. वजन काही सापडलं नाही. आजतागायत सापडलेलं नाही.

दुकान सकाळी मावशींनी झाडलं होतं. बाबांना तेवढं पुरलं.

"तिच्याशिवाय आत आलं कोण?" ते म्हणाले.

"गिऱ्हाईकं आली, तुमचा मुलगा आला, मी डबा घेऊन आले," सासूबाई म्हणाल्या. "आम्हालाही धरा."

खरं सांगायचं तर त्यांनी मनातल्या मनात आम्हाला धरलंही असेल. एकदा संशय घरात शिरला की तो कुणाला सोडत नाही. मीही दोन दिवस माझ्या नवऱ्याकडे वाकड्या नजरेने बघत होते, आणि त्याचा स्वभाव तर असा की रस्त्यात पडलेलं बटणही मालकाला शोधून देईल. पण आम्हाला धरायचं तर बाबांना स्वतःच्या घराशी भांडावं लागलं असतं. मावशींना धरणं सोपं होतं. बाबांनी त्यांना दुकानात यायची बंदी केली. तेवढ्यावरही भागलं नाही. ते चर्चचा कारभार बघणाऱ्या पाच पंचांपैकी एक होते, त्यांनी पंचांपुढे विषय काढला. असा हात चर्चच्या वस्तूंवर कसा राहू द्यायचा? येत्या रविवारी उपासनेनंतर बैठक ठरली. त्यात मावशींचं काम राहणार की जाणार, हे ठरायचं होतं. काम गेलं म्हणजे खोलीही गेली. या वयात त्या कुठे जाणार, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं.

त्या आठवड्यात मावशी आमच्या मागच्या दाराने यायला लागल्या. सासूबाई मटार सोलायच्या, मावशी समोर पाटावर बसायच्या आणि दोघींची कुजबुज चालायची. बाबा आले की कुजबुज बंद. झालं, बाबांच्या मनात पाल चुकचुकली.

"कुठेतरी पाणी मुरतंय," ते मला म्हणाले. "काय चाललंय त्या दोघींचं?"

"मटार सोलतात," मी म्हणाले.

मी खोटं बोलले नव्हते, फक्त अर्धंच सांगितलं होतं. सासूबाई मावशींना त्या रविवारच्या स्तोत्रातली एक ओळ पाठ करून देत होत्या. ते स्तोत्र फार जुन्या काळच्या कुणा गांजलेल्या माणसाचं आहे. तो गळ्यापर्यंत पाण्यात बुडालाय, ओरडून त्याचा घसा बसलाय, विनाकारण वैर धरणाऱ्यांची त्याच्याभोवती गर्दी झालीय. आणि चौथ्या ओळीत तो म्हणतो की जे मी घेतलंच नाही, ते मलाच भरून द्यावं लागतंय. ही ओळ बायकांच्या वाट्याला येणार होती. बैठकीत पाच पुरुषांपुढे मावशींच्या तोंडून शब्द फुटला नसता, हे त्यांना स्वतःलाच पक्कं ठाऊक होतं. पण उपासनेत सगळ्या बायकांबरोबर उभं राहून ही ओळ पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत म्हणता आली असती. कुणाचं नाव घ्यायचं नाही, भांडायचं नाही, फक्त आपली ओळ म्हणायची. त्यावर त्यांची सगळी भिस्त होती. सोलता सोलता सासूबाई अर्धी ओळ सांगायच्या, मावशी तोंडातल्या तोंडात घोळवायच्या, मधलाच शब्द गाळायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून.

शनिवारी बाबांनी स्तोत्र उघडलं आणि चौथ्या ओळीवर त्यांचं बोट अडलं. त्यांनी वरून मोजलं. पुरुष, बायका, पुरुष, बायका. चष्मा पुसून पुन्हा मोजलं. मग टोपी घालून तडक चर्चची उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांकडे गेले. मला चर्चची फुलं घेऊन तिकडे जायचंच होतं, मी मागोमाग गेले.

"हे स्तोत्र कुणी निवडलं?" दारातूनच बाबांनी विचारलं.

"कुणीच नाही," पाळकसाहेब म्हणाले. "गेल्या रविवारी याच्या आधीचं झालं. आता हे."

"मग याच्या पुढचं घ्या."

"काटेवाले, आवडीनिवडीने म्हणायला लागलो तर आपण आनंदाचीच तेवढी म्हणू. ज्याला रडायचंय त्याची पाळी कधी येणार? म्हणून ओळीने घेतो. आपल्या घरी सगळं ठीक असलं तरी ज्याच्या घरी नाही त्याच्यासाठी म्हणायचं."

बाबांना हे पटल्याचं चेहऱ्यावर दिसत नव्हतं. त्यांनी चाचपून पाहिलं. "यात जो 'मी, मी' म्हणतो, तो कोण?"

"लिहिलं तेव्हा कोण होता, देव जाणे. आता ज्याच्या तोंडी ओळ येईल, तो."

बाबा विचारात पडले. मला वाटलं, गाडी रुळावर आली. मी त्यांना पुरती ओळखत नव्हते, एवढंच. पाळकसाहेब सांगत होते एक, आणि बाबांच्या डोक्यात शिजत होतं भलतंच. ज्याच्या तोंडी येईल त्याची ओळ, तर मग ती मावशींच्या तोंडी येऊच द्यायची नाही.

रविवारी चर्च भरलेलं होतं. बैठकीची कुणकुण सगळ्यांना होती, त्यामुळे एरवी घरी झोपणारेही आले होते. मावशींनी धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि त्यांचे ओठ आधीपासूनच हलत होते. पाळकसाहेबांनी स्तोत्राचा क्रमांक सांगितला. बाबा उभे राहिले आणि त्यांनी आवाज लावला.

प्रत्येक स्तोत्राच्या डोक्यावर बारीक अक्षरांत एक सूचना छापलेली असते, की हे मुख्य गवयासाठी आहे, अमक्या चालीवर म्हणावं. ती कुणी मोठ्याने म्हणत नाही. बाबांनी त्या दिवशी ती पहिली ओळ म्हणून खणखणीत म्हटली. पुरुष गोंधळले, पण इतक्या वर्षांच्या सवयीने मागून आले. बायकांना वाटलं आता आपली पाळी, म्हणून पुरुषांची ओळ त्यांनी उचलली. झालं, सगळं स्तोत्र एका घराने सरकलं. सासूबाईंनी मान वर करून बाबांकडे पाहिलं. लगेच त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा राग मला बाजूनेही दिसला. पण स्तोत्र सुरू झालं की मध्ये थांबवत नाहीत.

चौथी ओळ पुरुषांकडे गेली. मावशी म्हणायला तोंड उघडून उभ्या होत्या आणि समोरच्या बाजूने ती ओळ सुरू झाली. सुरुवात अर्थातच बाबांची. जे मी घेतलं नाही, ते मला भरून द्यावं लागतंय. अर्ध्यावर त्यांचा आवाज कापला. पुरुषांनी कशीबशी ती ओळ पूर्ण केली. मावशींनी तोंड मिटलं. पुढच्या एकाही ओळीचा शेवटचा शब्द त्यांनी पकडला नाही.

बैठक शेजारच्या खोलीत झाली. चहा द्यायला मी आत होते आणि कप गोळा करण्याच्या निमित्ताने तिथेच रेंगाळले. पाळकसाहेबांनी मावशींना विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

मावशी पदराशी चाळा करत राहिल्या. 

"वजनाचं मला काही ठाऊक नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पण आज माझी एक ओळ होती. आठवडाभर पाठ केली होती. माझ्याजवळ बोलायला तेवढीच होती. ती यांनी घेतली, सगळ्यांच्या समोर घेतली. त्याची तक्रार मी कुणाकडे करू?"

पंचांपैकी कुणीही कपाकडे हात नेला नाही. बाबांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला होता. निर्णय पुढच्या रविवारी घेऊ, एवढंच कुणीतरी पुटपुटलं.

घरी सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी बाबाच बोलायला आले.

"तू तिला शिकवलंस. माझ्या विरुद्ध."

"तिच्यासाठी शिकवलं," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हाला सगळं स्वतःच्या विरुद्धच दिसतं."

"तिने घेतलं नाही कशावरून?"

"कशावरूनच नाही. आणि घेतलं कशावरून?"

बाबा पाटावर बसले, मावशी बसायच्या तिथेच. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या तोंडून ऐकेन असं मला कधी वाटलं नव्हतं. "ती ओळ मी म्हटली ना, तेव्हा मला खरंच वाटलं की मी काही घेतलं नाही आणि सगळे माझ्याकडे बघतायत. ओरडून सांगावंसं वाटलं. आणि ओरडलो तरी कुणाला खरं वाटणार नाही, असंही वाटलं. जीव नुसता घुसमटला. तिला रोज असंच होत असेल?"

  मला त्यांचा राग येत होता आणि कीवही येत होती.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी पुढच्या स्तोत्राचा क्रमांक सांगितला. बाबा उभे राहिले, पण त्यांनी सुरुवात केली नाही.

"मागच्या वेळचं स्तोत्र चुकलं," ते म्हणाले. "मुद्दाम चुकवलं, मीच. ते पुन्हा घेऊ या."

पाळकसाहेबांनी पुस्तकाची पानं मागे उलटली. बाबांनी या खेपेस वरची सूचना सोडून खऱ्या पहिल्या ओळीपासूनच सुरुवात केली. पुरुष, बायका, पुरुष. चौथी ओळ आली तेव्हा सासूबाईंनी हातातलं पुस्तक मिटलं आणि ओठही मिटले. शेजारच्या बाईने ते पाहिलं, तीही गप्प राहिली. मग सगळी डावी बाजू गप्प झाली. आधी काही ठरलेलं नव्हतं. मावशी एकट्या पडल्या, घाबरून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मग म्हणाल्या. आवाज बारीक होता, मधला शब्द याही वेळी गळाला. पण जे मी घेतलं नाही ते मला भरून द्यावं लागतंय, हे शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

आता पाचवी ओळ, पुरुषांची. उजव्या बाजूच्या एकानेही तोंड उघडलं नाही. सगळे बाबांकडे बघत होते. त्या ओळीत तो गांजलेला माणूस देवाला म्हणतो की माझा मूर्खपणा तुला ठाऊक आहे, माझे अपराध तुझ्यापासून लपलेले नाहीत. स्तोत्र म्हणताना सगळ्यांनी वेदीकडे तोंड करायचं असतं. बाबा बायकांच्या बाजूला वळले, मावशींच्या समोर उभे राहिले, आणि ती ओळ त्यांनी एकट्याने म्हटली.