लिव्याचं हरण आणि आबांच्या चान्या

लिव्याच्या वाळवंटात जायचं तर जानेवारीत जा, आणि तिथलं कुणी घरी बोलावलं तर आढेवेढे घेऊ नका. आम्ही गेलो २००१ साली. मी तेव्हा आखातात, रुवैसला रिफायनरीत इंजिनिअर होतो. आमच्या शिफ्टचा अबू सालेम एकदा म्हणाला, "शुक्रवार को आओ हबीबी, घर का हिरन है. तुम्हारा वालिद को भी लाओ." माझे वडील, आबा, जालन्याहून येऊन फ्लॅटमध्ये नुसते बसून होते. मी लगेच हो म्हटलं.

खरं तर आबांशी माझं बिनसलं होतं. येताना त्यांनी बॅगेत चान्यांची पुडी घातली होती. चान्या म्हणजे मीठ लावून उन्हात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या. आमच्या वस्तीत त्या घरोघरी दोरीवर असायच्या. शाळेत माझ्या डब्यात त्या निघाल्या की शेजारची मुलं उठून लांब जाऊन बसायची. मी फोनवर बजावलं, "इथे बिल्डिंगमध्ये सगळे मराठी लोक आहेत, वास सुटेल, काढा ती पुडी." त्यांनी काढली. पुढे दीड महिना खाण्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

सकाळी सातला निघालो. पेट्रोल चाळीस दिरहम, म्हणजे पाचशे रुपये. वाटेत मदिनत झायद गावाला थांबून कडक चहा घ्या, पुढे फारसं काही मिळत नाही. रस्ता झकास आहे, पण उंट मध्ये येतात, तेव्हा उगाच पळवू नका. लिवा जवळ आलं की वाळू तांबूस होत जाते आणि टेकड्या अशा उंच की माझी आठ वर्षांची मुलगी रिया काचेला नाक लावून बसली.

रानातली हरणं मारायला तिथे बंदी आहे. अबू सालेमच्या घरच्यांनी फार्मवर स्वतःचा कळप पाळला होता आणि हिवाळ्यात ते त्यातला एखादा म्हातारा नर मारायचे. त्याचा थोरला भाऊ रायफल घेऊन अर्धा तास वाळूत पालथा पडून होता. शेजारची मादी बाजूला होईपर्यंत त्याने बोट हलवलं नाही. मग बिस्मिल्ला म्हणून एकच गोळी, आणि धावत जाऊन लगेच सुरी. खजुराच्या झाडाला उलटं टांगून दोघा भावांनी अख्खं कातडं उतरवलं, एक भोक पडू दिलं नाही. मांसाचे तीन वाटे केले: घराला, नातेवाइकांना, शेजाऱ्यांना. इतकी नेटकी कामं मी आमच्या प्लान्टवरही क्वचित पाहिली.

त्यांची आई मांडीच्या लांब पट्ट्या कापत बसली होती. मदत करावी म्हणून मी पट्ट्यांचं एक घमेलं उचललं आणि आपल्या सवयीने धुवायला नळाखाली धरलं.

"ला, ला!" म्हातारी नको नको असा हात हलवत ओरडली.

"पाणी नको लावू! नासंल ते," त्याच क्षणी आबा ओरडले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आबा तिच्यासमोर उकिडवे बसले, सुरी मागून घेतली आणि हातभर लांबीची पट्टी न तुटता काढून दिली. म्हातारी "माशाल्ला" म्हणाली आणि अबू सालेमला काहीतरी सांगितलं.

"मां पूछती है, किसने सिखाया?"

"माझ्या मायनं," आबा मराठीतच बोलले. "आमी याला चान्या म्हंतो."

"गदीद," पट्टीवर बोट ठेवून तिने आपला शब्द सांगितला. मग सावकाश, "चान्या."

"पपा, आबा इज लाफिंग," रिया माझा हात ओढत म्हणाली. मला माझीच लाज वाटली. आजीच्या दोरीखाली खेळलेला मी, आणि नळ सोडणारा मीच.

निघताना म्हातारीने शेजाऱ्यांच्या वाट्यातल्या मीठ लावलेल्या पट्ट्या फडक्यात बांधून आबांच्या हातात दिल्या. रुवैसला पोचल्यावर आबा म्हणाले, "फ्रीजमधी टाक. वास यायचा." मी गॅलरीत दोरी बांधली.

आता इतक्या वर्षांनी लिव्याची ती वाळू थोडी पुसट झाली आहे. ती दोरी मात्र अजून लख्ख आठवते. ती बांधल्याच्या तिसऱ्या दिवशी समोरच्या कुलकर्णी वहिनींनी आमच्या दाराबाहेर जिन्यात विचारलंच, "भाऊजी, गॅलरीत काय वाळत घातलंय?"

मिरच्या म्हणायचं तोंडावर आलं होतं.

"चान्या," मी म्हणालो. "हरणाच्या. माझ्या आजीची पद्धत."

वहिनी एक पाऊल जवळ आल्या. "टिकतात का हो?"

आत टीव्ही बंद झाला. आबा दारात आले. "वरीसभर टिकतेत," ते म्हणाले. "फकस्त पाणी लावायचं नाही."