एक सोडून एक बट्टी

शिरपूरच्या एका लग्नातला वाढपी मला अजून आठवतो. त्याचं नाव विचारायचं राहिलं. काखेत बट्ट्यांची टोपली, खांद्यावर टॉवेल आणि कोणी बोलत असलं की मान तिरकी करून ऐकायची सवय.

पंगतीत माझ्या शेजारी गणिताचे एक निवृत्त प्राध्यापक बसले होते. वरण आलं, बट्टी यायची होती, तेवढ्यात त्यांनी सगळ्यांना अनंत समजावून सांगितलं. "एक, दोन, तीन... नैसर्गिक संख्या कधी संपत नाहीत. त्यातल्या विषम काढून टाका. उरलेल्या सम संख्या तरीही मूळच्याइतक्याच!"

वाढप्यानं मान डोलावली आणि तो एक पान सोडून एक पान बट्टी वाढत आला. सर नववे होते, मी दहावा. मला मिळाली.

"अहो, मी राहिलो!"

"तुम्ही विषम मा शेतस, सर. सम जेवनात म्हंजे बठ्ठा जेवनात."

"सगळे कुठे जेवले? ते अनंताला लागू आहे! ही पंगत संपणारी आहे."

"सकायपाईन वाढी राहिनू, सर. शेवट काई दिखना नही."

बाकीचे विषम लोक आता सरांकडे रागानं बघू लागले. वरण निवत होतं. सरांनी माझ्या पानाकडे पाहिलं. मी बट्टी चुरण्यात गर्क झालो. भरल्या पानावरून गणितात मत देऊ नये.

"संपत असतील संख्या," सर हळूच म्हणाले, "कुठंतरी."

वाढप्यानं त्यांना दोन बट्ट्या वाढल्या. मग तो मागे फिरला, आणि सरांच्या त्या कबुलीवर पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा माणूसही जेवला.